देव बदलत नाही, मग वेचाईचे पैसे का अडतात?

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त.

आपल्याकडे वेचाईचा हिशोब बाजाराच्या दिवशी होतो. बाया किलोवर कापूस वेचतात, वहीत आकडा पडतो, आणि बाजाराच्या दिवशी हातात पैसे. ठरलेलं तरी असं असतं. मग कधी ऐकू येतं, "काकू, पुढच्या बाजाराले देतो, चुकारा नाही आला अजून." पुढचा बाजार येतो, उत्तर तेच. काही वेळा मालकाची खरंच अडचण असते. काही वेळा नसते, आणि ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

तुम्ही म्हणाल, विषय तर 'देव बदलत नाही' हा आहे, मग वेचाई काहून काढली? मी नाही काढली. बायबलनंच काढली.

[बायबल उघडून]

जुन्या कराराचं शेवटचं पुस्तक, मलाखी संदेष्ट्याचं. तिसरा अध्याय, सहावं वचन. मी परमेश्वर बदलत नाही, म्हणूनच याकोबाच्या वंशजांनो, तुम्ही नष्ट झाला नाहीत, असा त्याचा आशय. हे वचन उपदेशात असतं, कॅलेंडरवर असतं. त्याच्या वरचं पाचवं वचन कॅलेंडरवर मी तरी पाहिलेलं नाही. देव कोणाविरुद्ध साक्ष द्यायला येणार, त्याची ती यादी आहे. जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ घेणारे. आणि त्यांच्याच रांगेत मजुराची मजुरी दाबणारे, विधवा आणि पोरक्यांना नाडणारे, परक्याचा हक्क बुडवणारे. हे संपतं आणि लगेच येतं, मी बदलत नाही.

जरा मागचंही वाचू. इ. स. पूर्व 515 च्या सुमारास यरुशलेमचं मंदिर पुन्हा उभं राहिलं, पण वर राज्य पर्शियाच्या, म्हणजे इराणच्या सम्राटाचं. लोकांनी वाट पाहिली तसे चांगले दिवस काही आले नाहीत. देवळात बळी द्यायला लंगडी, आजारी जनावरं आणायची पद्धत पडली, मलाखी पहिल्याच अध्यायात त्यावरून झाडतो. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी लोक विचारतात, वाईट करणाऱ्यांचंच भलं होतंय, न्याय करणारा देव आहे कुठे? 'मी बदलत नाही' हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. मजुरी दाबणं मोशेच्या काळी पाप होतं. मोशेच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, 24 व्या अध्यायात तर त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत मजुरी द्या, असंच सांगितलंय, कारण गरिबाचा जीव तिच्यावर असतो. ते आजही पापच. तुम्हाला उशीर दिसला म्हणून देवानं मत बदललं असं समजू नका. आणि तुम्ही स्वतः अजून टिकून आहात ना, तेही त्यानं याकोबाला दिलेला शब्द फिरवला नाही म्हणूनच.

हा योगायोग वाटत असेल तर नव्या करारात याकोबाचं पत्र काढा (हा याकोब वेगळा, वंशजांचा तो नव्हे). पहिल्या अध्यायात तो देवाला ज्योतींचा पिता म्हणतो. सूर्य कलतो, धुऱ्यावरच्या कडुनिंबाची सावली सरकते, डबा उचलून आपल्याला सरकावं लागतं. ज्यानं सूर्य केला तो मात्र कलत नाही. आणि याच पत्राच्या पाचव्या अध्यायात? तुमची शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडवून ठेवली, ती ओरडते आहे, आणि कापणाऱ्यांची हाक प्रभूच्या कानी पोहोचली आहे. दोन पुस्तकं, दोन्हीकडे न बदलणारा देव, दोन्हीकडे अडलेली मजुरी. मला तरी हे दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही.

आता हुशार माणूस हात वर करतो. बावा, योनाच्या पुस्तकात तर देवानं निनवे शहराचा नाश करायचा बेत सोडला, मग बदलला की नाही?

खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं मशीन असतं. ओला कापूस नेला की आकडा चढतो, गाडी परत. चार उन्हं दाखवून तोच कापूस आणला की आकडा उतरतो. मशीन तेच, कापूस बदलला. (मशीन बरोबर असेल तर, असं तुम्ही म्हणाल. मान्य.) यिर्मया 18 मध्ये देव हेच उघड सांगतो, राष्ट्र वाईटापासून फिरलं तर मीही अनिष्ट आणणार नाही. निनवे फिरलं. पण मशीनला कापसाची कीव येत नाही, आणि योनाचं शेवटचं वाक्य सगळं कीवेचंच आहे: त्या शहरात 1,20,000 हून अधिक माणसं, आणि पुष्कळ गुरंढोरंही. गुरं मोजणारा देव आहे हा.

पहिलं शमुवेल 15 याहून अवघड आहे. शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा झाला, असं तिथे दोनदा येतं, आणि मधेच शमुवेल संदेष्टा म्हणतो, तो माणूस नाही पस्तावायला. लिहिणाऱ्यानं दोन्ही शेजारी ठेवलं, एक खोडलं नाही. माझी समजूत अशी की देवाचं दुःख खरं आहे, आणि त्याचं धोरण फिरत नाही हेही खरं आहे.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या इतिहासात यावर मोठे वाद झाले. देवाचा पुत्र ख्रिस्त बदलणारा आहे असं म्हणणाऱ्यांना 325 साली निकियाच्या परिषदेनं धिक्कारलं. 451 साली खाल्केदोनच्या परिषदेनं सांगितलं की ख्रिस्तात देवपण आणि माणूसपण एकत्र आहे, पण कोणतंही बदललेलं नाही. ते खोलात नंतर कधी.

माणसानं मात्र बदलू नये असं नाही. यवतमाळात 1953 मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे बायबलचं शिक्षण देणारी संस्था, 1983 मध्ये पुण्याला गेली, त्यात पाप कसलं? आणि एकाच मतावर अडून बसणाऱ्याला आपण हेकेखोर म्हणतो. स्तोत्र 15 माणसाकडून एवढंच मागतं, शब्द दिला, नुकसान झालं, तरी फिरवायचा नाही. भाव पडला म्हणून वेचाईचा ठरलेला दर मागाहून कमी करायचा नाही, असं मी ते वाचतो.

राहिला कमेंटमधला नेहमीचा प्रश्न, देव बदलतच नाही तर प्रार्थना कशाला? थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंतानं तेराव्या शतकात याचं उत्तर दिलंय: देवाचा बेत बदलावा म्हणून आपण मागत नाही, काही गोष्टी प्रार्थनेतूनच द्यायच्या असं त्यानं ठरवलेलं असतं, त्या मिळाव्यात म्हणून मागतो. ज्या काकूचे पैसे अडलेत तिला देवाला पटवून द्यायचं नाहीच, तो आधीपासून तिच्या बाजूनं आहे. पटवायचं आहे ते मालकाला, आणि त्यासाठी काकूच्या सोबत दोन माणसं त्याच्या दारात गेली तर प्रार्थनेला आडवं येत नाही.