मागुराचा मोसम

फलकावर विषय लिहिलाय ‘परदेशी मागुराची वाढ आणि प्रजनन’. तिकडे येतोच. त्याआधी मंडईतली एक तक्रार ऐकून घ्या, नाहीतर मला जेवण पचणार नाही.

आमच्या नेहमीच्या मासेवालीच्या टपात काळपट, मिशाळ, हातभर लांब मासे वळवळत होते. पाणी म्हणाल तर तळाला बोटभर. विचारलं, “मावशी, हा कुठला?”

“गावठी मागूर, काका. नदीचा.”

“अहो, गावठी मागूर सहसा फूटभर. एवढा होतो का कधी?”

“मग कुणीतरी वाढवलाय असं समजा!” (हशा)

हसू नका, तिचं दुसरं वाक्य अगदी शास्त्रशुद्ध होतं. लोक त्याला थाई मागूर म्हणतात, पण मूळ आफ्रिकेतला. मोकळ्या पाण्यात दीड मीटरपर्यंत जातो. 2000 सालापासून आपल्याकडे त्याच्या पालनाला बंदी आहे, पुढे राष्ट्रीय हरित लवादानंही फटकारलं. तरी उजनीच्या काठी त्याची तळी सापडलीच. सापडणारच! कोंबडीच्या दुकानातली आतडी टाका, खातो. पाणी सडलं तरी मरत नाही, कारण कल्ल्यांच्या वर त्याला जादा श्वसनेंद्रिय आहे. तोंड वर काढून हवा घेतो. सहा-आठ महिन्यांत किलोभर. रोहू-कटल्याला त्याच वजनासाठी वर्ष लागतं. खाद्य फुकट, उधारी डोक्यावर, मग शेतकऱ्याला नुसतं उपदेशानं कोण अडवणार? त्या आतड्यांच्या गाड्या रात्री कुणाच्या आशीर्वादानं फिरतात, हे विचारलं की मात्र सगळे घड्याळ बघतात.

अध्यक्षही बघताहेत. पाच मिनिटं? बरं, पळतो.

पालनवाले म्हणतात, “हा तळ्यात अंडी घालतच नाही. हॅचरीत इंजेक्शन द्यावं लागतं. मग धोका कसला?” अर्धं खरं आहे. वर्षभरात मादी पक्व होते, पोटात अंडी तयार असतात, पण तळ्यात ती सहसा सोडत नाही. तिला हवं असतं पावसानं चढणारं पाणी आणि नुकतं बुडालेलं गवत. आणि आपली तळी सांडव्यावरून वाहतात ती नेमकी कधी? पावसाळ्यात! म्हणजे पिकलेली मादी सुटते ती थेट तिच्या मोसमात.

पुढचं भरभर. किलोभराची मादी हजारोंनी अंडी देते. ती गवताला चिकटतात, उबदार पाण्यात दीडेक दिवसात फुटतात. राखण कुणीच करत नाही. मोठी पिल्लं छोट्यांना खातात. उरतात ती दांडगी, आणि मग ती नदीतल्या इतर माशांवर उतरतात. आपला गावठी मागूर काठाच्या बिळात थोडकी अंडी घालतो आणि नर पहारा करतो. या शर्यतीत तो कुठे पुरणार?

म्हणून माझं मागणं एवढंच, की धाडी एप्रिल-मेमध्ये घाला. दिवाळीत तळी बुजवून फोटो काढण्यात अर्थ नाही, तोवर पिल्लं नदीत वाढीला लागलेली असतात.

गावठी मागुराशी त्याचा संकर होतो, तो मुद्दा राहिला. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारा.