लांब तलवार: परीक्षा चारचौघांत

श्रोतेहो, नमस्कार. लांब तलवार म्हणजे युरोपातली दोन्ही हातांनी चालवायची सरळ, दुधारी तलवार. ती हातात किती मुरली आहे हे तालमीत कळत नाही. रोजच्या जोडीदाराचा वार कुठून येणार, ते महिन्याभरात पाठ होतं.

सोळाव्या शतकात लंडनच्या वस्तादांनी यावर पक्का बंदोबस्त केला होता. पट्ठ्याला वरची पायरी हवी असेल तर आधी गावात पत्रकं चिकटवायची. मग लेडनहॉलच्या बाजारात किंवा बिशप्सगेटच्या बुल सराईच्या अंगणात, लोकांच्या गर्दीसमोर, त्या पायरीवरच्या गड्यांशी एकामागून एक लढायचं. हत्यारं बोथट, पण तोंडावर मुखवटा नाही. परीक्षार्थी तोच, दमलेला. समोर मात्र दर वेळी ताजा गडी. खरी मेख इथेच होती.

आजही परीक्षा अशीच घ्यावी. बाहेरच्या तालमींतले सहा जण बोलवा. प्रत्येकाशी तीन मिनिटं, मध्ये एक मिनिट विसावा. तलवार ‘फेडर’ जातीची: बोथट, साधारण 130 सेंटिमीटर, दीड किलोच्या आसपास, भोसकताना पातं वाकलं पाहिजे. जाळीचा मुखवटा, गळपट्टा, जाड जाकीट तर हवंच, पण हातमोज्यांत काटकसर अजिबात नको. अंगठा मुठीवरच्या आडव्या दांडीला लागूनच असतो, आणि माराला आधी तोच सापडतो.

नुसते लागलेले वार मोजू नका. वार करून गडी सहीसलामत बाहेर पडला का, ते बघा. उजव्या खांद्यावरून तिरका वार छान बसतो. शिकाऊ गडी तिथेच काम झालं असं समजून हात कमरेशी आणतो, सरळ मागे सरकतो, आणि समोरच्याची तलवार त्याच्या मनगटावर पडते. हात पुढे ताणलेलेच हवेत, मूठ डोळ्यांच्या उंचीला, टोक समोरच्याच्या चेहऱ्यावर रोखलेलं, आणि पाऊल तिरकं बाहेर. म्हणून वार लागताक्षणी पंचानं ‘थांबा’ म्हणू नये. समोरच्याच्या उलट वाराला एका पावलाची मुभा द्यावी. नाहीतर ही खोड कधी उघडीच पडत नाही.

दोघांना एकदम लागलं तर गुण कुणालाच नाही, पण नोंद वेगळी ठेवा. चौथ्या लढतीपासून खांदे भरून येतात, मूठ खाली उतरते, समोरचा वार अडवायचा धीर राहत नाही आणि असे दुहेरी वार वाढत जातात. निकाल देताना पहिल्या दोन लढतींचा कागद बाजूला ठेवून शेवटच्या दोन आधी वाचा.