एक अळी, तीन देश

(दृश्य: यवतमाळ जिल्हा, नोव्हेंबर. छातीपर्यंत वाढलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. तळहातावर एक हिरवं बोंड.)

निवेदन:

बाहेरून पाहिलं तर या बोंडाला काही झालेलं नाही. हिरवं आहे, टणक आहे, कुठे छिद्र नाही. फोडलं की आत गुलाबी अळी दिसते आणि पिवळट, चिकटलेली रुई. अळी अगदी बारीक असतानाच बोंडात शिरते. शिरल्याची जागा बुजून जाते आणि मग ती आत बसून सरकी खाते. तिथे फवारा पोचत नाही.

२०१७ च्या हंगामात विदर्भात वावरंच्या वावरं अशी गेली. वेचणीला आलेल्या बायांच्या हाती कवडी, म्हणजे अर्धवट उमललेला डागी कापूस लागला. त्याच हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बीटी कापूस, म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातल्याने अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा कापूस, आला तेव्हा फवारे कमी होतील, हेच त्याचं सगळ्यात मोठं आश्वासन होतं.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केलं की त्यांच्या कापसातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झालं आहे. शंभर वर्षं ही अळी त्यांच्याकडे ठाण मांडून होती. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात ती बीटीला दाद देईनाशी होऊ लागली होती, पण तिथे उलटं घडलं. तिची ताकद पुन्हा ओसरली. अळी तीच होती आणि तिन्ही देशांनी तिच्यावर बीटीचंच हत्यार उचललं होतं. आपल्याकडे मात्र ते बोथट झालं.

(दृश्य: कृषी केंद्राचं काउंटर. बियाण्याचं पाकीट, त्याच्यासोबत एक छोटं पाकीट.)

निवेदन:

हे छोटं पाकीट नीट बघा. भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. नियम असा होता की ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर बीटी बियाणं द्यायचं आणि शेतकऱ्याने ते वावराच्या कडेने लावायचं. त्यामागचा हिशेब साधा आहे. बीटी खाऊनही जगणारी अळी लाखांत एखादी असते. कडेच्या बिगर बीटी झाडांवर साध्या अळ्या वाढल्या, तर त्यांचे पतंग या मोजक्या चिवट पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी बीटीवर मरते. साधे पतंगच उरले नाहीत, तर चिवट नर चिवट मादीशी जुळतो. मग काही वर्षांत सगळ्याच अळ्या चिवट होतात.

हिरव्या बोंडअळीच्या बाबतीत आपल्याला तुरीने आणि हरभऱ्याने तारलं. ती त्या पिकांवरही जगते, त्यामुळे साधे पतंग आपोआप तयार होत राहिले. गुलाबी अळीचं जवळपास सगळं आयुष्य कापसावर जातं. तिच्यासाठी ते छोटं पाकीटच हवं होतं, आणि बहुतेक वावरांत ते लागलंच नाही.

शेतकऱ्याने का लावलं नाही? याचा सगळा दोष त्याच्यावर टाकणं मला मान्य नाही. ज्याचं वावर दोन-तीन एकरांचं, तेही कोरडवाहू, त्याला सांगायचं की पाचवा हिस्सा अळीसाठी सोड. आणि शेजाऱ्याने सोडला नाही, तर तुझं सोडणंही वाया. हे काम एकट्याचं नव्हतंच, ते शिवाराचं होतं. पण शिवाराच्या वतीने ठरवणारं कोणी नव्हतं. नियम कागदावर, पाकीट धुऱ्यावर फेकलेलं, आणि दोघांच्या मध्ये मोकळी जागा.

ॲरिझोनात ही मोकळी जागा भरलेली होती. तिथल्या कापूस उत्पादकांची स्वतःची परिषद आहे, ती त्यांच्याच पैशावर चालते. कोणी किती बिगर बीटी लावलं, हे ती तपासायची. विद्यापीठाचे लोक दरवर्षी शेतांतून बोंडं नेऊन अळीला बीटीची सवय झाली का, हे पाहायचे. २००६ पासून त्यांनी डाव बदलला. वांझ केलेले पतंग, अब्जावधींच्या संख्येने, विमानांतून कापसावर सोडले. बिगर बीटी झाडं राखण्याऐवजी हे पतंग तेच काम करू लागले. त्यांची शेतं मोठी, पैसा मोठा, हे खरंच आहे. पण पैशाआधी बोंडं मोजण्याची शिस्त आली, हे विसरून चालणार नाही.

चीनचं उदाहरण मला जास्त विचार करायला लावतं, कारण त्यात सरकारी हुकूम नव्हता. संकरित बियाणं हाताने परागीकरण करून बनवावं लागतं, ते महाग पडतं. म्हणून तिथे संकरिताच्या दुसऱ्या पिढीचं स्वस्त बियाणं विकलं जाऊ लागलं. दुसऱ्या पिढीत चारातलं एक झाड बिगर बीटी निघतं. म्हणजे शेतकऱ्याला न सांगता, न विनवता, प्रत्येक शेतात साध्या पतंगांची सोय झाली. यात नशिबाचा वाटा होता. पण अकरा वर्षं तिथल्या शास्त्रज्ञांनी अळ्या गोळा करून तपासल्या नसत्या, तर ते नशीब कोणाला समजलंही नसतं.

(दृश्य: जिनिंगच्या आवारात सरकीचा ढीग. खांबाला टांगलेला कामगंध सापळा, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा, आणि त्यात अडकलेले पतंग.)

निवेदन:

मग आपल्याकडे कोणाला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पहिल्या बीटीला ही अळी जुमानत नाही, हे गुजरातच्या काही जिल्ह्यांबाबत २०१० सालीच, बियाणं बनवणाऱ्या कंपनीकडूनच जाहीर झालं होतं. तोवर दोन जनुकांचं बीटी बाजारात आलेलं होतं. त्यालाही ती पुरून उरते आहे, हे २०१५ च्या सुमारास गुजरातच्या शेतांत दिसू लागलं. कापसाची केंद्रीय संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे, यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर.

पण संशोधन संस्थेला बियाण्याची विक्री थांबवता येत नाही. कृषी सहायक फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी ठेवून काढलेलं वाढीव पीक, घेऊ नका म्हणून सांगू शकतो, पऱ्हाटी उपटू शकत नाही. जिनिंगवाला आपल्या आवारातल्या पतंगांबद्दल कोणालाही बांधील नाही. आणि ज्याने जुलै-ऑगस्टमध्येच डोमकळी पाहिली, म्हणजे अळी शिरल्याने मिटलेल्या गुलाबासारखं दिसणारं फूल पाहिलं, त्या शेतकऱ्याचं पाहणं कुठल्याच वहीत चढत नाही. ज्याला दिसतं त्याच्या हाती काही नाही, ज्याच्या हाती आहे त्याला दिसत नाही. माझ्या मते देश असो की संस्था, बदलाच्या काळात ती इथेच अडते.

विदर्भाने हे आधीही भोगलं आहे. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त सरकारी योजनेलाच विकायचा. व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवणारी म्हणून लोकांनी तिचं स्वागत केलं आणि बरीच वर्षं तिने आधारही दिला. पण भाव सरकार ठरवायचं, आणि बाजार रोज हलायचा. बाहेर भाव चढला की गाड्या रात्री आदिलाबादकडे, मध्य प्रदेशाकडे निघायच्या. बाहेर उतरला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर. चुकारे लांबायचे. सीमेवरच्या प्रत्येक गावाला ठाऊक असलेली गोष्ट योजनेच्या हिशेबात येईपर्यंत तोटा डोंगराएवढा झाला आणि २००२ नंतर एकाधिकार उरला नाही.

२०१७ नंतर काही गोष्टी बदलल्या, आणि त्यांनी फरक पडला. हंगामाच्या फार आधी बियाणं विकायला मज्जाव झाला, म्हणजे अळीला लवकरचं पीक मिळत नाही. कामगंध सापळे जिनिंगपर्यंत पोचले. फरदड न घेता डिसेंबरअखेर वावर मोकळं करणारी गावं वाढली. एका गावाने ठरवून, एका वेळी पऱ्हाटी काढली तर पतंगांचा पुढचा जथाच तुटतो. ग्रामसभेत हा ठराव घ्यायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

(दृश्य: जून. पेरणी. पाकिटावर कंपनीचं नाव नाही.)

निवेदन:

आणि आता हे बियाणं. निंदणाची मजुरी परवडेना, मजूर मिळेनात, म्हणून तणनाशक सहन करणारा कापूस विदर्भात पोचला आहे. त्याला सरकारी मान्यता नाही. लोक त्याला चोर बीटी म्हणतात. २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तो उघडपणे, जाहीर करून पेरला. शेतकऱ्याची गरज खरी आहे, ती पोलिसांच्या छाप्याने संपत नाही. पण मान्यता नाही म्हणून त्याची तपासणी नाही. कोणत्या शिवारात किती पेरला, त्याची नोंद नाही. २०१७ साली बोंडअळीने बुडालेल्या शेतकऱ्याला निदान पक्कं बिल जोडून जी फॉर्म, म्हणजे बियाण्याच्या नुकसानीचा तक्रार अर्ज, भरता आला होता. या पाकिटाचं बिल मिळत नाही. उगवलं नाही, किंवा अळीने खाल्लं, तर तक्रार लिहून घ्यायला कोणतंच कार्यालय तयार नाही, आणि यंदाही पेरणी सुरू झाली आहे.