एनीबडी, नोबडी आणि आपला 'कोणी'

नमस्कार श्रोतेहो.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. स्नेहसंमेलनाची तालीम ठेवली होती आणि एकही पोरगं फिरकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सूचना काढायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजीचा नवा मास्तर, तेव्हा सूचना इंग्रजीतच हवी. मी ठणकावून लिहिलं, 'एनीबडी डिड नॉट कम फॉर प्रॅक्टिस यस्टरडे.' मुख्याध्यापकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "सर, हे वाक्य मराठी आहे की इंग्रजी?"

मला तेव्हा राग आला होता. पण निदान अचूक होतं. शब्द इंग्रजी होते आणि वाक्य होतं, 'काल कोणी तालमीला आलं नाही.' जसंच्या तसं, 'नाही'सकट. बरोबर वाक्य अगदी साधं होतं, 'नोबडी केम फॉर प्रॅक्टिस यस्टरडे.'

समबडी, एनीबडी, नोबडी, एव्हरीबडी, ईच, नन, फ्यू. इंग्रजीत यांना इनडेफिनिट प्रोनाउन्स म्हणतात, आपण अनिश्चित सर्वनामं म्हणतो. पाठ्यपुस्तकात त्यांची यादी असते, मुलं ती घोकतात आणि पेपरात माझ्यासारखीच चुकतात. मी बरीच वर्षं वह्या तपासल्या. या चुका वेंधळेपणाच्या नसतात. मूल मनात मराठी वाक्य बरोबर जुळवतं आणि प्रामाणिकपणे उतरवतं. म्हणून यादी बाजूला ठेवून आज आपण आपलीच मराठी जरा कान देऊन ऐकू. रेडिओवर फळा नसतो, तेव्हा नाहीतरी कानावरच भिस्त.

पहिली गोष्ट अशी की 'नोबडी'ला मराठीत शब्दच नाही. खरंच नाही. 'कोणीही', 'कोणीच', 'कोणीसुद्धा' यांपैकी एकातही नकार नाही. नकार येतो वाक्याच्या शेवटी, क्रियापदाजवळ. 'कोणी आलं...' इथपर्यंत बोलून मी थांबलो, तर पुढे 'नाही' येणार की 'का' येणार, हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. इंग्रजी असं ताटकळत ठेवत नाही. तिथे नकार दारातच उभा असतो. 'नोबडी' म्हटलं की झालं, पुढचं क्रियापद होकारार्थी.

ग्रीकांची एक जुनी गोष्ट आहे. एका डोळ्याच्या राक्षसाने ओडिसियसला गुहेत कोंडलं. नाव विचारल्यावर ओडिसियसने सांगितलं, माझं नाव 'नोबडी'. मग रात्री त्याने राक्षसाचा डोळा फोडला. राक्षस ओरडायला लागला, शेजारचे राक्षस धावत आले आणि बाहेरून विचारायला लागले, काय झालं? तो म्हणाला, 'नोबडी इज किलिंग मी.' शेजाऱ्यांना वाटलं, कोणी मारत नाहीये, मग हा उगाच काय बोंबलतोय? आणि ते निघून गेले. ही गोष्ट मराठीत सांगून बघा. 'मला कोणी मारत नाहीये' म्हटलं तर राक्षस खोटं बोलला असं होतं. 'मला कोणीनाही मारतोय' म्हटलं तर ती मराठीच राहत नाही. मी दरवर्षी ही गोष्ट वर्गात सांगायचो आणि दरवर्षी भाषांतरावर अडायचो. पण ती अडचण मुलांच्या लक्षात राहायची आणि तेवढ्यापुरता 'नोबडी' पक्का व्हायचा.

आता 'एनीबडी' घ्या. याच्याकडे दोन कामं आहेत आणि घोळ तिथेच होतो. पहिलं काम आपल्या 'कोणीही'चं. 'एनीबडी कॅन जॉइन', म्हणजे कोणीही यावं, मज्जाव नाही. दुसरं काम नुसत्या 'कोणी'चं, प्रश्नात किंवा नकारात. 'डिड एनीबडी कॉल?' कोणाचा फोन आला होता का? 'आय डिडन्ट सी एनीबडी.' मला कोणी दिसलं नाही. या दुसऱ्या कामात एक अट आहे. नकार आधी आला पाहिजे, 'एनीबडी' नंतर. 'डिडन्ट' पुढे, 'एनीबडी' मागे, गाडी चालते. माझ्या सूचनेत 'एनीबडी' पहिल्या बाकावर जाऊन बसला होता आणि 'नॉट' मागून धापा टाकत येत होता.

आणि नकार एकदाच. 'आय डिडन्ट सी नोबडी' हे आजच्या प्रमाण इंग्रजीला चालत नाही. मजा म्हणजे चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत असे दोनदोन, तीनतीन नकार सर्रास असत. पुढे प्रमाण भाषेने ते बाद केले, पण कित्येक बोलींमध्ये आजही ऐकू येतात. म्हणजे चित्रपटात एखादं पात्र तसं बोललं तर तो संवाद लिहिणाऱ्याचा अडाणीपणा समजू नका. उत्तरपत्रिकेत मात्र लिहू नका.

याच नकाराचा एक धाकटा भाऊ आहे. 'दोघंही आले नाहीत.' मुलं लिहितात, 'बोथ डिड नॉट कम.' ऐकणारा इंग्रज विचारात पडेल की एक तरी आला होता का? इंग्रजीत दोघांचा मिळून नकार 'नायदर'ने होतो. 'नायदर ऑफ देम केम.' तिघं किंवा जास्त असले तर 'नन ऑफ देम केम.'

आता 'एव्हरीबडी'. आपण त्याचा अर्थ शिकतो 'सगळे'. 'सगळे' अनेकवचनी, म्हणून 'सगळे आले आहेत', म्हणून 'एव्हरीबडी हॅव कम'. चूक. या शब्दाचा अर्थ पहिल्या दिवशीच 'प्रत्येकजण' असा शिकवला असता, तर केवढी शाई वाचली असती! 'प्रत्येकजण आला आहे', 'एव्हरीबडी हॅज कम'. 'प्रत्येकजण आले आहेत' असं आपण चुकूनही म्हणत नाही, तो कान आपल्याकडे आहेच. ईच, एव्हरीवन, एव्हरीथिंग या सगळ्यांना हाच कान लावा.

मराठी दुसऱ्या एका ठिकाणी तर फारच सुरेख मदत करते. 'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूक मी मुलांच्या वहीत पाहिली, पालकांच्या अर्जात पाहिली आणि एकदा एका भाषणात प्रमुख पाहुण्यांच्या तोंडूनही ऐकली. ती येते 'माझा एक मित्र' मनात धरल्यामुळे. त्याऐवजी मनात धरा, 'माझ्या मित्रांपैकी एक'. हा 'पैकी' म्हणजे इंग्रजीतला 'ऑफ'. आणि 'मित्रांपैकी' लिहिताना 'त्र'वर आपण जो अनुस्वार देतो ना, तोच 'फ्रेंड्स'मधला शेवटचा 'स'. अनुस्वार विसरलात तर मराठीही चुकली, 'स' विसरलात तर इंग्रजीही. पुढचं क्रियापद मात्र कोणाचं ऐकतं? 'मित्रांपैकी एक पुण्याला असतो.' 'असतो', 'असतात' नाही. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन पुणे.' क्रियापदाशेजारी 'फ्रेंड्स' बसलेले असतात, ते त्याला आपल्याकडे ओढत असतात, पण त्याचं नातं लांबच्या 'वन'शी आहे.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांच्यावर फार वेळ घालवत नाही. 'फ्यू' म्हणजे थोडेच, 'अ फ्यू' म्हणजे थोडेफार. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स' म्हणणारा कुरकुर करतोय आणि 'अ फ्यू' म्हणणारा बऱ्यापैकी सुखात आहे. दूध, पाणी, वेळ अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींना 'लिटल' आणि 'अ लिटल'.

'होकारात सम, प्रश्नात एनी' हा नियम तुम्हीही पाठ केला असेल. तो अर्धवट आहे. पाहुण्याला चहा विचारताना इंग्रज म्हणतो, 'वुड यू लाइक सम टी?' वाक्य प्रश्नार्थक आहे आणि तरी 'सम' आहे, कारण विचारणाऱ्याने कप काढून ठेवलेत, त्याला 'हो' ऐकायचं आहे. 'चहा टाकतेय हं' मधला जो आग्रह आहे, त्याच्या जवळपासचं हे. आणि 'चहा घेऊनच आला असाल ना?' यासाठी इंग्रजीत कोणतं सर्वनाम वापरावं हे मला अजून सापडलेलं नाही.

आता एक जागा अशी, जिथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. सहलीची सूचना द्यायची आहे, 'प्रत्येकाने आपापला डबा आणावा.' हा 'आपापला' किती गुणी शब्द आहे बघा. प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी, सगळे त्यात मावतात. त्याचं लिंग डब्यावरून ठरतं, डबा आणणाऱ्यावरून नाही. इंग्रजीत असा शब्द नाही. मग 'एव्हरीबडी शुड ब्रिंग' नंतर काय? 'हिज टिफिन'? निम्मा वर्ग मुलींचा आहे. 'हिज ऑर हर'? बरोबर आहे, पण पानभर तसंच लिहिलं की वाचणाऱ्याला उचकी लागते.

कायद्याने आपल्यापुरती यावर कडी लावून घेतली होती. 1860 च्या भारतीय दंड संहितेतली गुन्ह्यांची बहुतेक कलमं 'हूएव्हर' या शब्दाने सुरू व्हायची. 'जो कोणी' अमुक करील, त्याला तमुक शिक्षा. हा 'जो कोणी' बाई असली तर? म्हणून कलम 8 मध्ये सांगून टाकलं होतं की 'ही', म्हणजे आपला 'तो', हे इंग्रजी सर्वनाम पुरुष असो वा स्त्री, कोणत्याही व्यक्तीसाठी आहे. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातही 'ही' कायम आहे, पण व्याख्येत पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला ट्रान्सजेंडर व्यक्तीही आली. सर्वनाम तेच, त्याच्या छत्रीखालची माणसं वाढली.

बोलणाऱ्या लोकांनी मात्र वेगळीच वाट काढली. ते म्हणाले, 'एव्हरीबडी शुड ब्रिंग देअर टिफिन.' क्रियापदासाठी 'एव्हरीबडी' एकवचनी आणि मागे येणारं सर्वनाम अनेकवचनी. आमच्या पिढीच्या मास्तरांनी या 'देअर'वर लाल रेघा ओढल्या, मीही ओढल्या. नंतर कळलं की एका माणसासाठी 'दे' वापरायची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. ज्या मुलांचे गुण मी कापले, ती आता चाळिशी ओलांडून गेली असतील. त्यांची माफी मागायला रेडिओ बरा, समोरासमोर जमलं नसतं. आजच्या प्रमाण इंग्रजीत हा 'देअर' बिनधास्त वापरा.

आणि हा 'दे' पटला की दहावीच्या मुलांना छळणारा क्वेश्चन टॅग आपोआप सुटतो. आपल्याकडे सगळ्याला एकच शेपूट, 'नाही का?' किंवा 'हो ना?'. इंग्रजीत ते वाक्यागणिक बदलतं. 'एव्हरीबडी लाइक्स मँगोज, डोन्ट दे?' माणसांच्या सर्वनामाला शेपटात 'दे', वस्तूंच्या सर्वनामाला 'इट'. 'समथिंग इज बर्निंग, इजन्ट इट?' आता हे सांगा, 'नोबडी केम' याचं शेपूट काय? मुलं लिहितात 'डिडन्ट दे'. पण आपण मघाशीच पाहिलं, नकार दारातच येऊन गेला आहे. नकारार्थी वाक्याला होकारार्थी शेपूट, म्हणून 'नोबडी केम, डिड दे?'

राहिला 'नन'. त्याच्या पोटात 'एकही नाही' आहे, म्हणून काही जण हट्टाने 'नन ऑफ द बॉईज इज' असंच शिकवतात. 'नन ऑफ द बॉईज आर' हेही तितकंच जुनं आणि तितकंच रुळलेलं आहे, दोन्ही चालतात. पेपर तपासणाऱ्याला ते माहीत असेलच अशी खात्री मी देत नाही, तेव्हा परीक्षेत आपलं 'इज' लिहा आणि मोकळे व्हा.

नमस्कार.