४० पत्रे की ५६? वादळानंतरच्या विमा दाव्यातला मापाचा घोळ

[दृश्य: वादळानंतरची सकाळ. दुपाखी पत्र्याचं छप्पर, एका कोपऱ्यातले पत्रे उलटे दुमडलेले.]

वारा छप्पर दाबून मोडत नाही. पाख्यावरून, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवरून, सुसाटत जाताना तो पत्रा वर ओढतो आणि उघड्या खिडकीतून आत शिरलेली हवा त्याला खालून रेटते. ही ओढ सर्वांत जास्त असते ती कडांना, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी. तपासणीही तिथूनच सुरू करायची.

विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान पाहायला येईपर्यंत छप्पर उघडं ठेवू नये. आणखी नुकसान होऊ न देणं ही विमाधारकाची जबाबदारी असते, आणि ताडपत्री न घातल्यामुळे भिजलेलं छत दाव्यातून वगळलं जाऊ शकतं. मात्र आधी फोटो, मग ताडपत्री. चारही बाजूंनी लांबून काढा, मग मोजपट्टी शेजारी ठेवून जवळून. ताडपत्री, दोर, मजुरी यांच्या पावत्या जपून ठेवा. उडालेले पत्रे पाहणी होईपर्यंत भंगारात देऊ नका.

[दृश्य: पत्र्यातलं स्क्रूचं भोक, अगदी जवळून.]

हे भोक पाहा. मुळात गोल, आता लांबट झालंय. फाटलेली कड चकाकतेय. स्क्रू जागेवर राहिला आणि पत्रा ओढला गेला, त्याची ही खूण. आता शेजारचं भोक: कड तांबूस, भोवती गंजाचं कडं, रबरी वॉशर चिरलेला. ही जुनी झीज. एकाच छपरावर दोन्ही सापडतात, आणि सर्व्हेअरच्या अहवालात फोटो दुसऱ्या प्रकारच्या भोकाचा येतो. म्हणून पहिल्या प्रकारची भोकं ओळीनिशी मोजून द्यावीत. दुसऱ्या प्रकारची लपवू नयेत. लपवाछपवी उघडी पडली की खरा पुरावाही संशयात जातो. छतावरची ओलही अशीच वाचता येते. एकात एक पिवळट वर्तुळं दिसली तर गळती जुनी, एकच ताजी कड दिसली तर बहुधा नवी.

इथून खर्चाची बोलणी सुरू होतात, आणि बहुतेक लोक दरावर अडून बसतात. दर फारसा हलत नाही. माप हलतं, कारण ते पुन्हा घेता येतं.

[दृश्य: कागद, पेन्सिल, छपराचा आराखडा.]

समजा, छप्पर १२ मीटर लांब आणि पागोळीपासून पागोळीपर्यंत ८ मीटर रुंद आहे. अहवाल म्हणतो ९६ चौरस मीटर. पत्रा २.४ मीटर लांब, १ मीटर रुंद. भागाकार केला, ४० पत्रे. हिशेब चोख, पण हे जमिनीवरच्या सावलीचं माप झालं.

पाखं ३० अंशांत उतरतं. आडवी मोजली तर त्याची रुंदी ४ मीटर, उतारावरून मोजली तर ४.६२. म्हणजे क्षेत्रफळ ९६ नव्हे, जवळपास १११. आता ओव्हरलॅप. उतारावर एकाखाली एक २ पत्रे, त्यांचा जोड १५ सेंटिमीटरचा. ४.८० मधून तेवढे वजा केले की ४.६५ उरतात. जेमतेम पुरलं. आडव्या ओळीत प्रत्येक पत्रा शेजारच्यावर १० सेंटिमीटर चढतो, म्हणून १३ पत्रे लावले तरी ११.८० मीटरच झाकले जातात. चौदावा लागतोच. ओळीत १४, पाख्यावर २ ओळी, पाखी २. एकूण ५६.

४० च्या जागी ५६. ही तूट दरातून भरून काढायची तर दर ४० टक्के वाढवून मागावा लागेल. तेवढा कोण देतो?

असाच ताळा बाकीच्या बाबींचा करावा. आढ्यावरचा झाकणपत्रा (रिज), भिंतीला भिडणारी पत्र्याची पट्टी (फ्लॅशिंग), पन्हळ, परांची, मलबा हलवणं, टाकी किंवा सौर पॅनेल उतरवून पुन्हा बसवणं, हे अहवालातून हमखास निसटतं. स्क्रूही नवेच धरायचे. जुन्या, सैल झालेल्या भोकात तेच स्क्रू परत मारले तर पुढच्या पावसात तिथूनच गळतं.

कंत्राटदाराचं अंदाजपत्रक "छप्पर दुरुस्ती, एकूण इतके" असं एका ओळीत असेल तर परत पाठवा. कंपनीच्या अहवालाशेजारी ठेवून बाबवार तुलना करता येईल असंच हवं: नग, मीटर, मजुरीचे दिवस. आणि नुकसानीतला विमाधारकाने स्वतः सोसायचा हिस्सा "बिलात जिरवून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच निरोप द्या. ती फसवणूक ठरते आणि सगळा दावा बुडू शकतो.

आता घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत. पॉलिसी नव्याने बसवण्याचा खर्च देते की झीज वजा करून आजची किंमत, हे आधी वाचा. झीज वजा होणार असली तरी सरसकट टक्केवारी मान्य करण्याचं कारण नाही. पत्रा, वासा आणि पन्हळ यांचं आयुष्य वेगवेगळं, आणि मलबा उचलण्याच्या मजुरीला वय नसतं. घसारा बाबवार मागा. काही पॉलिसींत कापलेली रक्कम काम झाल्यावर बिलं दाखवून परत मिळते, पण मुदतीत. काही पॉलिसींत आणखी एक कात्री असते: घराचं मूल्य ८० आणि विमा ६० चाच असेल, तर सरासरीच्या कलमानुसार नुकसानीचा पाऊण भागच मिळतो. तिथे बोलणी चालत नाहीत. फार तर मूल्य कसं काढलं ते तपासता येतं.

[दृश्य: पत्रा काढल्यावर दिसणारा, टोकाशी फाटलेला वासा.]

खरी पंचाईत काम सुरू झाल्यावर होते. पत्रे उतरले की खाली फाटलेला वासा दिसतो, आणि मिस्त्री लगेच बदलायला निघतो. थांबवा त्याला. फोटो, माप, कंपनीला लेखी कळवणं, आणि पुरवणी दाव्यात त्याची नोंद. बदलून टाकलेल्या वाशाची फेरपाहणी होत नाही.

धनादेशाबरोबर एक कागद येतो, त्यावर "पूर्ण व अंतिम" असे शब्द असतात का ते पाहा. १६ पत्र्यांचा वाद मिटला नसेल तर सही करू नका. वाद नसलेली रक्कम अंशतः म्हणून द्या, असं लेखी मागा, आणि त्याच पत्राला ५६ पत्र्यांचा तक्ता जोडा.