सैनिकांचे रोखे आणि अमेरिकेतले पहिले पक्ष

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘अमेरिकेतील राजकीय पक्षांचा उदय’. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी एका सैनिकाबद्दल बोलू द्या. तो कळल्याशिवाय हे पक्ष कशावरून भांडले ते कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेच्या स्थापनेची गोष्ट सांगताना घटना लिहिली गेली त्या फिलाडेल्फियाच्या सभागृहात आपण फार रमतो. १७८७ चा उन्हाळा, ५५ प्रतिनिधी, ३९ सह्या, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मला एवढंच म्हणायचंय, की घटनेने सरकारचा सांगाडा उभा केला आणि त्यात जीव ओतला तो कर्जाच्या भांडणाने. त्या कर्जात सैनिकांचा थकलेला पगार होता. हा पगार अखेर कोणाच्या खिशात गेला, हे विचारल्याशिवाय पुढचं राजकारण समजत नाही.

तर जोसेफ प्लम्ब मार्टिन. कनेक्टिकटमधला पोरगा, इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७६ साली पंधराव्या वर्षी सैन्यात गेला. पगार महिन्याला सहा डॉलर आणि वर दोन तृतीयांश डॉलर. तोही काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कागदी नोटांत, आणि त्या नोटांची किंमत दर महिन्याला घसरत होती. म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या, त्यात तो सांगतो की १७७६ नंतर युद्ध संपेपर्यंत खऱ्या नाण्यांत पगार एकदाच मिळाला. १७८१ साली यॉर्कटाउनकडे कूच करताना, एका महिन्याचा, आणि तोसुद्धा फ्रेंचांकडून उसना घेतलेला. यॉर्कटाउनला हा मार्टिन खंदक खणणाऱ्या तुकडीत होता. समोर तटबंदीत इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस. हो, तोच कॉर्नवॉलिस! तिथे शरणागती पत्करून पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला, आणि १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशव्यांशी तह केला तो त्याच्याच सरकारने. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मार्टिनसारख्यांच्या पगाराचा निकाल लागत होता. असो, नाना फडणीसांकडे वळलो तर आज परत यायचो नाही.

१७८३ मध्ये सैन्य घरी पाठवलं. पगाराऐवजी हातात रोखे दिले, म्हणजे ‘इतके डॉलर देणं लागतो’ असं लिहिलेले कागद. देणार कशातून? त्या वेळच्या काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे मागायचं, आणि राज्यांनी दिलं तर घ्यायचं. आयात मालावर पाच टक्के जकात बसवायचं ठरवलं तर तेराही राज्यांची संमती लागायची, आणि एकटं ऱ्होड आयलंड अडून बसलं. जून १७८३ मध्ये पगारासाठी सुमारे चारशे सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा दिला. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने शिबंदी बोलवायला नकार दिला, आणि ज्यांनी इंग्लंडच्या राजाला हाकललं ते लोकप्रतिनिधी स्वतःच्याच सैनिकांना घाबरून प्रिन्स्टनला निघून गेले. राजधानीसाठी कोणत्याही राज्याच्या ताब्यात नसलेला दहा मैल चौरस मुलूख असावा, ही तरतूद घटनेत आली त्यामागे हा दिवस आहे.

आता तो कागद घेऊन मार्टिन कुठे जाणार? अंगावर धड कपडे नव्हते. त्याने काही रोखे विकून कपडे घेतले. असं हजारोंनी केलं. डॉलरला दहा-पंधरा सेंट मिळाले तरी खूप, अशी अवस्था. मग तो मेनमध्ये जाऊन राहिला, जमीन कसायला घेतली. तर त्या जमिनीवर हक्क सांगत कोण आलं? हेन्री नॉक्स! युद्धातला तोफखान्याचा प्रमुख, वॉशिंग्टनचा युद्धमंत्री, ज्याला बायकोच्या माहेरकडून अफाट जमिनीचा दावा मिळाला होता. ज्या सैन्यात सात वर्षं काढली, त्यातल्याच या बड्या अधिकाऱ्याला मार्टिनने १८०१ मध्ये जमीन राहू द्या म्हणून विनवणीचं पत्र लिहिलं. १८१८ पर्यंत त्याच्या नावावर जमीन उरली नव्हती. पुढे पेन्शनसाठी शपथेवर मालमत्ता लिहून द्यावी लागली, ती यादी वाचताना माझ्या घशाशी आवंढा येतो: दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. बाकी अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे कपडे. पेन्शन मिळाली वर्षाला ९६ डॉलर, युद्ध संपून पस्तीस वर्षांनी.

हे मनात ठेवा आणि आता नव्या सरकारकडे बघा. एप्रिल १७८९ मध्ये न्यूयॉर्कला काँग्रेस भरली. सिनेटने सुरुवातीलाच तीन आठवडे कशाचा खल केला? वॉशिंग्टनला हाक काय मारायची याचा! उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांना साध्या ‘अध्यक्ष’ शब्दावर समाधान नव्हतं. सिनेटच्या समितीने सुचवलं, ‘महामहिम, संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे संरक्षक’. अ‍ॅडम्स अंगाने गोलमटोल, तेव्हा सभासदांनी त्यांनाच ‘गोलमहाराज’ अशा थाटाचं नाव ठेवलं. (हशा) हसा, हसा, पण तेव्हा सैनिकांचे कागद बाजारात कवडीमोलाने विकले जात होते. शेवटी प्रतिनिधीगृहाने हे असलं काही चालणार नाही म्हणून सांगितलं आणि नुसतं ‘अध्यक्ष’ राहिलं. ते बरं झालं.

जानेवारी १७९० मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा अहवाल आला. केंद्राचं देणं सुमारे साडेपाच कोटी डॉलर, राज्यांचं आणखी अडीच कोटी. हॅमिल्टनचं म्हणणं असं, की रोखा आज ज्याच्या हातात आहे त्याला पूर्ण किमतीच्या हिशोबाने नवे रोखे द्यायचे, मूळ सैनिक कोण हे विचारायचं नाही. ही कुणकुण लागताच दलालांनी दक्षिणेकडे माणसं पिटाळली, कारण तिकडच्या खेड्यापाड्यांत बातमी पोचली नव्हती. जॉर्जियाचे जेम्स जॅक्सन भर सभागृहात ओरडून सांगत होते, की पंधरा दिवसांत याच बंदरातून तीन जहाजं रोखे खरेदीसाठी सुटलीत. खुद्द हॅमिल्टनचा उपमंत्री विल्यम ड्यूअर सट्ट्यात बुडालेला होता. तो पुढे १७९२ मध्ये दिवाळखोर झाला आणि कर्जदारांच्या तुरुंगात असतानाच वारला.

आणि इथे उभे राहिले व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन. ११ फेब्रुवारीला त्यांनी मांडलं, की विकत घेणाऱ्याला बाजारातला सर्वात चढा भाव द्या, आणि उरलेली रक्कम ज्याने मुळात घाम गाळला त्याला द्या. इतकी सरळ गोष्ट. हॅमिल्टनच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नव्हता, हे मी मान्य करतो. रोखा हातोहात विकला जातो, घेणाऱ्याला पूर्ण हक्क मिळतो, या भरवशावर सरकारला पुढचं कर्ज मिळतं. पण ज्या सैनिकाने तो कागद भुकेपोटी विकला, त्याच्या भरवशाचं काय? २२ फेब्रुवारीला मतदान झालं. वॉशिंग्टनचा वाढदिवस होता तो. सेनापतीच्या वाढदिवशी सैनिक ३६ विरुद्ध १३ मतांनी हरले. त्या १३ पैकी ९ मतं एकट्या व्हर्जिनियाची होती. हा आकडा लक्षात ठेवा, पक्षाचं बीज त्यात आहे.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. बरं, आता भराभर.

राज्यांची कर्जं केंद्राने अंगावर घ्यायची योजना एप्रिलमध्ये ३१ विरुद्ध २९ ने पडली. व्हर्जिनियाने आपलं बरंच देणं फेडलं होतं, दुसऱ्यांचं का उचलायचं? जूनमध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनच्या घरी हॅमिल्टन आणि मॅडिसन जेवायला बसले. राजधानी दहा वर्षांनी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीच्या काठी न्यायची, त्याच्या बदल्यात दक्षिणेतली दोन-चार मतं फिरवायची. दोन्ही झालं. रोख्यांवर व्याज द्यायचं म्हणून १७९१ मध्ये दारूवर कर बसला, आणि तो बसला पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांवर, ज्यांच्यात जुने सैनिकही होते. १७९४ मध्ये त्यांनी बंड केलं, तेव्हा त्यांच्यावर सुमारे तेरा हजारांचं सैन्य चालून गेलं. १७९१ मध्येच हॅमिल्टनची राष्ट्रीय बँक आली, ३९ विरुद्ध २० मतांनी. त्याच वर्षी जेफरसनने फिलिप फ्रेनोला परराष्ट्र खात्यात २५० डॉलरवर अनुवादक नेमलं आणि ऑक्टोबरमध्ये त्या फ्रेनोचं विरोधी वृत्तपत्र सुरू झालं. म्हणजे मंत्री सरकारमध्ये, आणि त्याचा माणूस सरकारवर टीका करणारा! १७८९ मध्ये याच जेफरसनने लिहिलं होतं, की पक्षाबरोबरच स्वर्गात जायचं असेल तर मला स्वर्ग नको. दोन-तीन वर्षांत हॅमिल्टनच्या बाजूचे फेडरलिस्ट आणि जेफरसन-मॅडिसनच्या बाजूचे रिपब्लिकन अशी दोन दलं उभी राहिली.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १७९६ ला फेडरलिस्ट अ‍ॅडम्सना निर्वाचकांची ७१ मतं, जेफरसनला ६८. १८०० ला जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा आरन बर यांची ७३-७३ अशी बरोबरी, आणि प्रतिनिधीगृहात छत्तिसाव्या फेरीत जेफरसन निवडून आला. सत्ता हातात आल्यावर त्याने रोखेधारकांचं देणं मोडलं नाही. अर्थमंत्री गॅलाटिनने काटकसर करून आठ वर्षांत कर्ज ८ कोटी ३० लाखांवरून ५ कोटी ७० लाखांवर आणलं, व्याजही वेळेवर गेलं. मॅडिसनने १७९० मध्ये मांडलेला हिशोब मात्र त्याच्या पक्षानेही पुन्हा उघडला नाही, अगदी तो स्वतः आठ वर्षं अध्यक्ष असतानासुद्धा.

बँकेचं राहिलंच. प्रश्नांच्या वेळी कोणीतरी आवर्जून विचारा.