टॉमी जॉन : कोपराच्या अलीकडे, कोपराच्या पलीकडे

(पडदा काळा. फक्त आवाज.)

एक हात पुढे करा. तळवा वर. आता अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट जरासं आपल्याकडे वाकवा. मनगटाच्या मधोमध, कातडीखाली, एक दोरी ताणलेली दिसेल. दिसली? नसेल तर घाबरू नका. कितीतरी लोकांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडत नाही. लिहिता येतं, पोळ्या लाटता येतात, बॅटही धरता येते.

अशाच एका दोरीच्या भरवशावर अमेरिकेचा बेसबॉलपटू टॉमी जॉन चौदा मोसम पिचिंग करत राहिला.

(शीर्षक)

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी आधी थोडं. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. पण त्याला धावत यायला जागा नसते. मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, उभं राहायचं आणि साडेअठरा मीटरवरच्या बॅटरकडे चेंडू फेकायचा. टप्पा नाही, खेळपट्टीची मदत नाही. आणि आपल्या गोलंदाजाला कोपर पंधरा अंशांहून जास्त सरळ करता येत नाही, तसलाही नियम नाही. उलट पिचरचा सगळा कारभारच कोपरावर चालतो. पायातून निघालेला जोर कंबरेतून, खांद्यातून वर चढतो आणि कोपराच्या एका झटक्यात चेंडूत उतरतो.

तो झटका बसताना कोपराचा सांधा आतल्या बाजूने उघडू पाहतो. त्याला बांधून ठेवतं एक छोटंसं लिगामेंट. दर चेंडूला ते ताणलं जातं. एका सामन्यात शंभरेक चेंडू, आणि असे सामने वर्षानुवर्षं.

ते तुटलं की काय? १९७४ पर्यंत याचं उत्तर सोपं होतं. पिचर घरी जायचा. लोक म्हणायचे, हात मेला.

(टेरा होट, इंडियाना)

टॉमी जॉनचा जन्म २२ मे १९४३चा, इंडियाना राज्यातल्या टेरा होट गावचा. डावखुरा. क्लीव्हलंडच्या संघाने त्याला करारबद्ध केलं आणि १९६३च्या सप्टेंबरात, विसाव्या वर्षी, तो मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, उतरला. दीड-दोन वर्षांत त्याची रवानगी शिकागोला झाली. तिथे सात मोसम. १९७१च्या अखेरीस लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला घेतलं.

वेगाच्या बाबतीत त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. त्याचं हत्यार सिंकर. हा चेंडू बॅटरपर्यंत सरळ आल्यासारखा वाटतो आणि अगदी शेवटी खाली बसतो. बॅट चेंडूच्या डोक्यावर लागते, चेंडू जमिनीवरून घरंगळत जातो, आतले क्षेत्ररक्षक तो उचलून बॅटरला बाद करतात. प्रेक्षकांना यात काही मजा येत नाही. बॅटरला मात्र चार वेळा येऊन चार वेळा मान खाली घालून परत जावं लागतं. मला विचाराल तर पिचिंगमधली खरी लबाडी हीच.

बेसबॉलमध्ये सामना संघ जिंकतो, पण त्या विजयाची नोंद एका पिचरच्या नावावरही होते. जुलै १९७४ मध्ये टॉमीच्या नावावर त्या मोसमाचे १३ विजय होते आणि पराभव फक्त ३. वय एकतीस. इतकं चांगलं वर्ष त्याने तोवर पाहिलं नव्हतं.

(१७ जुलै १९७४, डॉजर स्टेडियम)

समोर मॉन्ट्रियल एक्सपोज. तिसरी इनिंग (बेसबॉलच्या सामन्यात अशा नऊ असतात). टॉमीने सिंकर टाकला आणि कोपरात काहीतरी सुटलं. त्याने आणखी एक चेंडू टाकून पाहिला. मग स्वतःच माउंडवरून उतरला आणि मॅनेजर वॉल्टर अल्स्टनना सांगितलं की कुणालातरी पाठवा.

डॉजर्सचे डॉक्टर होते फ्रँक जोब. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये वैद्यकीय विभागात होते. बेल्जियममधल्या बॅस्टोनच्या वेढ्यात जर्मनांच्या हाती सापडले आणि निसटले. डॉक्टर होण्याची ओढ त्यांना युद्धातल्या शल्यचिकित्सकांना पाहून लागली. १९७४ मध्ये त्यांच्यासमोर मात्र एकच कोपर होतं आणि त्यातलं लिगामेंट शिवण्यासारखं राहिलं नव्हतं.

जोब यांना एक गोष्ट ठाऊक होती. पोलिओने लुळ्या पडलेल्या अवयवांत डॉक्टर शरीरातली एखादी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, एका जागेवरून दुसरीकडे जोडत असत. हाताच्या शस्त्रक्रियांतही असे प्रयोग होत. मग पिचरच्या कोपरात का नाही? रोज तेवढा ताण पडणाऱ्या कोपरात असं काही टिकेल याचा दाखला मात्र कुठेच नव्हता. यशाची शक्यता किती, असं टॉमीने विचारलं. जोब म्हणाले, शंभरात एक. ऑपरेशन केलं नाही, तर परत खेळण्याची आशा जवळपास शून्य. टॉमीने हिशेब केला आणि म्हणाला, करून टाकू.

२५ सप्टेंबर १९७४. उजव्या मनगटातली कंडरा काढली, म्हणजे तुम्ही आत्ता शोधलीत ती. डाव्या कोपराच्या वरच्या आणि खालच्या हाडांना भोकं पाडली आणि ती दोरी त्यांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवली. जुन्या लिगामेंटची जागा या कंडरेने घ्यायची, शरीराने तिला हळूहळू आपलंसं करायचं, असा बेत.

सुरुवातीला तो फसल्यासारखाच वाटला. कोपरातली नस दबली. डाव्या हाताची बोटं बधिर झाली, आकसून पंजासारखी वळली. डिसेंबरात पुन्हा टेबलावर जावं लागलं, या वेळी नसेसाठी. इकडे डॉजर्स त्याच्याशिवाय वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीला, गेले आणि ओकलंडकडून हरले.

१९७५चा अख्खा मोसम तो खेळला नाही. बोटांना पकड नव्हती, तिथून सुरुवात. त्याला मोठी मदत झाली संघसहकारी माइक मार्शलची. मार्शल १९७४ मध्ये तब्बल १०६ सामन्यांत पिचिंगला उतरला होता आणि शरीराच्या हालचालींचं शास्त्र त्याने विद्यापीठात बसून शिकलेलं होतं. संघातल्या कित्येकांना तो विक्षिप्त वाटे. टॉमीने मात्र त्याचं ऐकलं आणि चेंडू टाकण्याची ढब बदलली.

(१६ एप्रिल १९७६, अटलांटा)

टॉमी जॉन माउंडवर परतला. सामना हरला. पण दुसऱ्या दिवशी कोपर जागेवर होतं, आणि जोब यांच्या दृष्टीने निकाल तोच होता.

त्या वर्षी १० विजय, १० पराभव. १९७७ मध्ये २० विजय. एका मोसमात वीसचा आकडा त्याने शाबूत कोपराने कधी गाठला नव्हता. पुढे न्यूयॉर्क यँकीजकडे गेल्यावर १९७९ मध्ये २१, १९८० मध्ये २२. लोक विचारायचे, डॉक्टरांनी आत काय घातलं? टॉमी सांगायचा, मी सँडी कोफॅक्सचा फास्टबॉल मागितला होता. त्यांनी घातलाही, पण तो मिसेस कोफॅक्सचा निघाला.

विनोदातला हा कोफॅक्स डॉजर्सचा महान डावखुरा. कोपराच्या संधिवाताने त्याला १९६६ मध्ये, तिसाव्या वर्षी, खेळ सोडायला लावला होता. आजार वेगळा, हात तोच डावा.

नशीब मात्र टॉमीशी थोडं वाकड्यातच वागलं. १९७७ आणि १९७८ मध्ये तो डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीज खेळला, दोन्ही वेळा यँकीजनी हरवलं. १९८१ मध्ये तो यँकीजकडे होता, तेव्हा डॉजर्सनी हरवलं. त्यातला सहावा सामना तर त्याने सुरू केला होता. चौथ्या इनिंगमध्ये १-१ अशी बरोबरी असताना टॉमीची बॅटिंगची पाळी आली आणि मॅनेजर बॉब लेमनने त्याच्या जागी दुसरा बॅटर पाठवला. बदललेला खेळाडू त्या सामन्यात परतू शकत नाही, म्हणजे टॉमीचं पिचिंग संपलं. डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकांपाशी, चाललेली त्याची चरफड कॅमेऱ्याने टिपली. यँकीज ९-२ने हरले. लेमनचा निर्णय तेव्हाही कुणाला पटला नव्हता, मला आजही पटत नाही.

पुढे कॅलिफोर्निया एंजल्स, ओकलंड, आणि पुन्हा यँकीज. जुलै १९८८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने एकाच चेंडूवर तीन चुका करण्याचा पराक्रम केला. हातात आलेला चेंडू सोडला, मग पहिल्या बेसकडे भलतीकडे फेकला, आणि परत आलेला चेंडू मध्येच अडवून बॅटरच्या जागेच्या, म्हणजे होम प्लेटच्याही, पलीकडे फेकला. सामना यँकीजनी १६-३ असा जिंकला, म्हणून हसण्यावारी गेलं.

१९८९च्या मोसमाचा पहिला सामना यँकीजनी त्याच्याच हाती दिला आणि त्याने तो जिंकला. मेमध्ये मात्र थांबला. २६ मोसम, २८८ विजय. ऑपरेशनआधीचे १२४, नंतरचे १६४.

तीनशेला बारा कमी. तीनशेचा आकडा गाठणाऱ्या पिचरला हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या दालनात, सहसा कुणी अडवत नाही. १९७४चा उरलेला अर्धा मोसम आणि १९७५चा पूर्ण मोसम हाती असता तर ते बारा कुठेच गेले नसते. पत्रकारांच्या मतदानात त्याला शेवटच्या वर्षीही एक तृतीयांशापेक्षा कमी मतं पडली. लागतात ७५ टक्के. त्याच्याच काळातला जिम कॅट २८३ विजयांवर २०२२ मध्ये आत गेला. डॉ. जोब यांचा हॉल ऑफ फेमने २०१३ मध्ये सन्मान केला. पुढच्याच वर्षी ते वारले. टॉमी अजून बाहेरच आहे.

(शाळेची मैदानं, लहान मुलांचे सामने)

जोब यांचा दुसरा रुग्ण ब्रेंट स्ट्रॉम मोठ्या लीगमध्ये परतू शकला नाही. त्याने पुढे पिचिंग कोच म्हणून नाव काढलं. पण ऑपरेशन सुधारत गेलं. आज मोठ्या लीगमधल्या साधारण दर तीन पिचरांपैकी एकाच्या कोपरावर ते झालेलं असतं. जपानी पिचर शोहेई ओतानीवरही २०१८ मध्ये झालं. या ऑपरेशनला सगळे ‘टॉमी जॉन’ म्हणूनच ओळखतात.

आणि इथेच मला राहवत नाही. ज्या माणसाने चेंडू खाली बसवून पोट भरलं, त्याचं नाव आज वेगाच्या वेडापायी तुटलेल्या कोपरांना लागतं. ताशी शंभर मैलांचा चेंडू हवा, तो वारंवार हवा, आणि तुटलं तर ऑपरेशन आहेच, असा सरळ हिशेब झाला आहे. त्या टेबलावर आता हायस्कूलची पोरं मोठ्या संख्येने येतात. ऑपरेशनने वेग वाढतो अशा समजुतीने धडधाकट कोपर घेऊन येणारे पालकही डॉक्टरांना भेटतात. वेग वाढत नाही. वाढलेला दिसतो तो वर्षभराच्या व्यायामाचा आणि विश्रांतीचा परिणाम.

टॉमी जॉनने उतारवयात हे वारंवार जाहीरपणे मांडलं आहे. पोरांना बारा महिने एकच खेळ खेळवू नका, हाताला सुट्टी द्या, असं त्याचं म्हणणं. तो टेरा होटच्या शाळेत होता तेव्हा बेसबॉलचा मोसम संपला की चेंडू ठेवून द्यायचा आणि बास्केटबॉल खेळायचा. त्यातही इतका तरबेज होता की कितीतरी कॉलेजं शिष्यवृत्ती घेऊन त्याच्या मागे लागली होती.